मासा लागतो पण बोटीत येत नाही: ट्यूनाच्या ट्रिपबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सॅन दिएगोहून सुटणाऱ्या ट्यूनाच्या पार्टी बोटींवर लिहिलं होतं. तिकीट काढून पंचवीस-तीस अनोळखी लोक एका बोटीत चढतात, रात्रभर प्रवास, दुसऱ्या दिवशी दिवसभर मासेमारी आणि मग परत. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण बऱ्याच जणांचं दुखणं एकच आहे म्हणून तेच पहिलं घेतो.

प्रश्न: दादा, मी मूळचा नागपूरचा, सात वर्षं झाली सॅन दिएगोत. समुद्राशी संबंध तसा काहीच नाही. ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या मित्राबरोबर दीड दिवसाच्या ट्रिपला गेलो. दोन ब्लूफिन (ट्यूनाचीच एक मोठी जात) लागले. पहिला पाचेक मिनिटांत गेला, दुसरा वीस मिनिटं ओढला, बोटीजवळ आला, डोळ्यांनी बघितला आणि तिथून गेला. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, त्यांनाही दोनच लागले आणि दोन्ही बोटीत आले. रात्रभर झोप नाही आली मला. हे सगळं अनुभवाचंच काम आहे का? नवशिक्याने जाऊच नये का?

उत्तर: जा, आणि याच सीझनला परत जा. तुमचं पत्र वाचून मला माझीच पहिली दोन वर्षं आठवली. अनुभव लागतो हे खरं, पण अनुभव म्हणजे वीस वर्षं बोटीवर घालवलेली असली पाहिजेत असं नाही. मासा लागण्यात नशीब भरपूर असतं, शेजाऱ्याला लागतो आणि तुम्हाला नाही लागत, त्याला काही उपाय नाही. पण लागल्यावर बोटीत येईपर्यंत जे होतं त्यात नशिबाचा वाटा फार थोडा, आणि तो भाग शिकता येतो, एका ट्रिपमध्ये सुद्धा बराच शिकता येतो.

आधी एक विचारतो. मासा गेल्यावर तुम्ही लाईनचं टोक हातात घेऊन बघितलं का? बहुतेक जण बघत नाहीत, शिवी घालतात आणि डेकहँडकडे, म्हणजे बोटीवरच्या मदतनीसाकडे, रॉड देतात नवीन हुक बांधायला. पुढच्या वेळी बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल वळलेलं असेल तर गाठ सुटली, मासा तुमच्या ताकदीमुळे नाही गेला, गाठीमुळे गेला. टोक खरखरीत असेल, बोटाला काचरं लागतं तसं, तर लाईन कशावर तरी घासली, म्हणजे बोटीचा तळ किंवा माशाचं तोंड. एकदम साफ कापल्यासारखं असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाची तरी ब्रेडेड, म्हणजे धाग्यांची विणलेली, लाईन तुमच्या लाईनवरून गेली. आणि हुक तसाच्या तसा परत आला तर तुम्ही कुठेतरी लाईन ढिली सोडली. हे चार निकाल चार वेगळ्या चुकांचे आहेत आणि कोणती चूक झाली तेच कळलं नाही तर माणूस दहा ट्रिपा करूनही तिथेच राहतो.

माझा स्वतःचा पहिला मोठा मासा कॉर्टेस बँकेवर गेला. किनाऱ्यापासून शंभरेक मैल आत, समुद्राच्या तळातून वर आलेला, पाण्याखालचा उंचवटा आहे तो, वर जमीन कुठेच दिसत नाही. मासा साठ पौंडाच्या वरचा असणार, म्हणजे आपले सत्तावीस-अठ्ठावीस किलो. टोक हातात घेतलं तर वळलेलं. गाठ मी आदल्या रात्री बंकमध्ये, म्हणजे बोटीतल्या झोपायच्या जागेत बसून, कमी उजेडात, ओली न करता घाईत ओढून बांधलेली होती. फ्लोरोकार्बन, म्हणजे पाण्यात सहज न दिसणारी प्लास्टिकची लाईन, कोरडी ओढली की घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते, थुंकी लावून हळू ओढायची. तेव्हापासून मी गाठ दिवसाउजेडी बांधतो आणि प्रत्येक माशानंतर शेवटचा हातभर तुकडा कापून टाकून नव्याने बांधतो. तुमच्या शेजारचे गृहस्थ पहिला मासा झाल्यावर काय करत होते ते आठवून बघा, मी पैज लावतो की सगळे घाईघाईने परत आमिष टाकत होते तेव्हा ते गाठ बांधत होते.

आता पहिली पाच मिनिटं, जिथे तुमचा पहिला गेला. जिवंत सार्डिन म्हणजे आपली तारली, मालवणकडे पेडवे म्हणतात ती, टाकीतून घेताना खवले शाबूत असलेली आणि नाक लाल न झालेली घ्या, मूठ आवळू नका. नाकात हुक आडवा घाला, टाका आणि स्पूलवर, म्हणजे लाईन गुंडाळलेल्या चकरीवर, अंगठा नुसता टेकवून लाईन मोकळी जाऊ द्या. मासा घेतो तेव्हा लाईन एकदम पळायला लागते, तीन-चार आकडे मोजा, रील गिअरमध्ये टाका आणि लाईन ताठ होईपर्यंत फिरवा. बस्स. रॉड झटकन वर खेचू नका, तळ्यात मरळ धरायची सवय असलेले लोक हमखास झटका मारतात. मग मासा पळेल, दोनशे-तीनशे फूट सुद्धा नेईल, नेऊ दे. ड्रॅगला, म्हणजे लाईन किती जोरावर सुटायची ते ठरवणाऱ्या रीलच्या ब्रेकला, हात लावायचा नाही. लाईनच्या ताकदीच्या पाव भाग ते तीस टक्के एवढा ड्रॅग आधीच सेट करून ठेवायचा, म्हणजे 40 पौंडी लाईनला 10 ते 12 पौंड, आणि तो स्प्रिंगच्या काट्याने मोजून घ्यायचा, हाताच्या अंदाजाने नको. मासा पळतोय बघून घाबरून ड्रॅगचं बटण पुढे सरकवून तो घट्ट करणं ही नवशिक्याची एक नंबरची चूक आहे, माझा अंदाज तुमचा पहिला असाच गेला.

आणि पाय हलवा! पार्टी बोटीवर मासा धरताना हातांपेक्षा पायांचं काम जास्त असतं. मासा डावीकडे गेला तर तुम्ही डावीकडे, पुढे गेला तर तुम्ही पुढे, लाईन कायम तुमच्या छातीसमोर सरळ राहिली पाहिजे. एका जागी उभं राहून लाईन तिरकी झाली की शेजारच्या पाच जणांच्या लाईन त्यात अडकतात. लोकांच्या खालून-वरून रॉड काढत जावं लागतं, तोंडाने सांगत जायचं, वर, खाली, थँक यू, कुणीही रागावत नाही कारण उद्या त्यांनाही तसंच जायचंय.

तुमचा दुसरा मासा गेला तो शेवटच्या टप्प्यात आणि मला सगळ्यात वाईट त्याचंच वाटलं. ट्यूनाला कल्ल्यांमधून पाणी जात राहावं म्हणून सतत पोहत राहावं लागतं, थांबला की गुदमरतो. त्यामुळे दमल्यावर तो सरळ पळत नाही, बोटीच्या खाली गोल गोल फिरायला लागतो. तुम्ही वरून बघता तेव्हा लाईन एकदा जवळ येते, एकदा लांब जाते. तो तुमच्याकडे वळला की पटपट फिरवून लाईन घ्यायची, लांब जायला लागला की नुसतं धरून ठेवायचं, एक इंच द्यायची नाही आणि ओढायचंही नाही. प्रत्येक फेरीत तीन-चार फूट मिळतात. इथे लोक काय करतात, निळं-चंदेरी काहीतरी खाली चमकलं की मासा बघायला वाकतात, हात थांबतो, लाईन ढिली होते, किंवा मासा बोट बघून शेवटचा पळ काढतो आणि लाईन बोटीच्या तळाला घासते. तळाखाली गेला तर रॉडचं टोक सरळ पाण्यात खुपसा आणि तसंच चालत चालत बोटीच्या मागच्या बाजूला वळून दुसरीकडे या. मासा जवळ दिसायला लागला की ‘कलर!’ असं मोठ्याने ओरडायचं म्हणजे डेकहँड गाफ, म्हणजे लांब दांड्याचा आकडा, घेऊन येतो. त्यानंतर त्याचं ऐकायचं, फक्त त्याचं. तो म्हणाला मागे सर तर मागे सरायचं, माशाचं डोकं तुमच्याकडे वळेपर्यंत तो थांबतो, त्याला तेवढा वेळ द्या.

माझं मत विचाराल तर या बोटींवरचा सगळ्यात अनुभवी माणूस तुमच्या शेजारी नाही, तो डेकहँड आहे, सीझनमध्ये शेकडो मासे वर घेतो तो. बोट बंदरातून निघून आमिष भरायला थांबते ना, तेव्हाच त्याला जाऊन सांगा की मी नवीन आहे, माझा ड्रॅग बघ, माझी गाठ बघ. हे सांगायची लाज वाटते म्हणून लोक मासे घालवतात.

प्रश्न: माझं वजन 51 किलो आहे. नवरा दर वर्षी या ट्रिपला जातो, मला यायचंय पण तो म्हणतो तुला झेपणार नाही, मोठा मासा तुला पाण्यात ओढेल. खरंच एवढी ताकद लागते का? (फ्रीमाँटहून एक वाचक)

उत्तर: ताई, नवऱ्याला हे उत्तर वाचून दाखवा. माझी मेहुणी सांगलीची, वजन तुमच्यापेक्षा कमीच, तिने सॅन क्लेमेंटे बेटाच्या बाहेर रात्री साडेतीनला 94 पौंडांचा ब्लूफिन बोटीत घेतला, आयुष्यातला पहिला मासा. मी तिच्या मागे उभा होतो आणि रॉडला हात लावलेला नाही.

कसं ते सांगतो. रात्री मोठे मासे लागतात तेव्हा आमिष जिवंत नसतं, अडीचशे-तीनशे ग्रॅमचा जिग, म्हणजे धातूचा नकली मासा, असतो. कॅप्टन सोनारवर बघून सांगतो की मासे दोनशे फुटांवर आहेत, तेवढी लाईन सोडायची, 100 पौंडी किंवा त्याहून जाड. मासा लागला की रॉड पोटाशी धरून झुंजायचं नसतं, रॉडचा पुढचा भाग बोटीच्या कठड्यावर टेकवायचा, त्याला सगळे रेलच म्हणतात. आता माशाचं वजन तुमच्या कमरेवर येतच नाही, बोटीवर येतं. लाट आली की बोट वर उठते आणि बोटच माशाला वर खेचते, बोट खाली आली की लाईन किंचित सैल पडते तेवढ्यात तुम्ही हँडल फिरवायचं. मोठे रील दोन गिअरचे असतात, बटण दाबून लो गिअर टाकला की सायकलला चढावर टाकतो तसं हलकं होतं. डेकहँड तिच्या कानाशी एवढंच बोलत होता, अर्धं वळण, थांब, अर्धं वळण, थांब. ती डोळे मिटून त्याच्या आवाजावर फिरवत होती. पस्तीस-चाळीस मिनिटं लागली. तिच्यापासून चार माणसं सोडून एक दांडगा तरुण त्याच वेळी रॉड पोटाशी धरून ओढत होता, पंधरा मिनिटांत त्याचे हात थरथरायला लागले आणि त्याने रॉड मित्राकडे दिला.

एकच सांगतो, बारीक लाईनवर मोठा मासा धरायची हौस करू नका, त्यात तास-दीड तास जातो, तोवर समुद्रसिंह येऊन मासा घेऊन जातात आणि बाकी सगळी बोट तुमच्यासाठी खोळंबते.

प्रश्न: आम्ही रत्नागिरीचे, गरवायला जायची सवय लहानपणापासून. तुम्ही ज्याला ट्यूना म्हणता तो आपला कुपाच ना? दुसरं म्हणजे आमच्या आईला कुपा खाल्ला की कधी कधी अंगावर लाल चट्टे येतात आणि खाज सुटते, कधी काहीच होत नाही. असं का?

उत्तर: गरवणे हा शब्द वाचून फार बरं वाटलं, इकडे मुलांना सांगतो तेव्हा हसतात. कुपा किंवा गेदर म्हणजे ट्यूनाच, पण आपल्या बाजारात जास्त येतो तो लहान जातीचा, पाठीवर तिरक्या वेड्यावाकड्या रेघा आणि छातीखाली काळे ठिपके असलेला. यलोफिन, ही ट्यूनाची दुसरी मोठी जात, आपल्या अरबी समुद्रातही आहे. पॅसिफिक ब्लूफिन मात्र आपल्याकडे येत नाही, तो जन्मतो जपान आणि तैवानच्या बाजूला, लहानपणी अख्खा पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या किनाऱ्याला येतो, काही वर्षं इथे खाऊन पिऊन मोठा होतो आणि अंडी घालायला परत तिकडे जातो.

सॅन दिएगोचं आणि आपलं एक नातं मला आवडतं म्हणून सांगतो. 1950 च्या दशकापर्यंत इथले पोर्तुगीज, इटालियन आणि जपानी कोळी जिवंत आमिष पाण्यात उधळून बांबूच्या काठीने एकेक ट्यूना बोटीत उडवायचे, मग नायलॉनची मोठी जाळी आली आणि ते संपलं. आपल्या लक्षद्वीपच्या मिनिकॉयला तीच पद्धत आजही चालू आहे, काठी आणि जिवंत आमिष.

आईच्या खाजेचं कारण बहुतेक मासा बर्फात वेळेवर न गेल्याचं असणार. ट्यूनाचं रक्त आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं आणि झुंजून तो आणखी तापतो. तसाच उन्हात पडला की जिवाणू त्याच्या मांसात हिस्टामीन तयार करतात आणि ते शिजवून जात नाही, कितीही तिरफळं घाला, कितीही उकळा. म्हणून कधी होतं, कधी होत नाही. इथल्या बोटीवर मासा वर आला की लगेच कल्ले कापून रक्त काढतात आणि थंडगार समुद्राच्या पाण्याच्या टाकीत टाकतात. तुम्ही स्वतः गरवलेला मासा असेल तर तेवढं करा, बर्फ घरून न्या. बाजारातून घेताना डोळे आणि कल्ले बघा, आणि चट्टे दर वेळी येत असतील तर डॉक्टरांना दाखवा, ती खरी ॲलर्जी असू शकते.

प्रश्न: रॉड-रील विकत घ्यावा की भाड्याने? आणि कागदपत्रं काय लागतात?

उत्तर: पहिल्या दोन ट्रिपांना भाड्याने, डोळे झाकून. बंदरावरच मिळतात आणि ते सांगतील त्या सीझनला काय चाललंय, एक 40 पौंडी आणि एक 80 किंवा 100 पौंडी घेतलात की पुष्कळ. भाड्याचा घेतला तरी लाईनचे पहिले वीस-पंचवीस फूट बोटांतून ओढून बघा, कुठे खरखर लागली तर तिथेच बदलून मागा. कॅलिफोर्नियाचं फिशिंग लायसन्स 16 वर्षं किंवा त्यावरच्या सगळ्यांना लागतं, बोट मेक्सिकोच्या हद्दीत जाणार असेल तर पासपोर्ट लागतो, व्हिसावर असाल तर परत येण्याची कागदपत्रं आधी नीट विचारून घ्या. ब्लूफिनची मर्यादा 2015 मध्ये दिवसाला 10 वरून 2 वर आणली, साठा फार खाली गेला होता म्हणून. ती पाळली गेली, जपानपासून इकडच्या देशांनी सगळ्यांनीच पकड कमी केली आणि मासा ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी सावरला, आज आपल्याला एवढे ब्लूफिन दिसतात त्यात याचा मोठा हात आहे. निघायच्या आधी त्या वर्षीचा नियम विचारून घ्या.

प्रश्न: मला बोट लागते. काय करू?

उत्तर: गोळी आदल्या रात्री घ्या आणि सकाळी परत, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, गोळी कोणती ते डॉक्टरांना विचारा. रात्री नीट झोपा, तळलेलं खाऊ नका, आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा, मला त्यांनी बरं वाटतं. खाली बंकमध्ये मोबाईल बघत बसू नका, वर या आणि क्षितिजाकडे बघा.

प्रश्न: माझ्या लाईनमध्ये एकाची लाईन अडकली आणि त्याने न विचारता माझी कापली, माझा मासा गेला. भांडण होता होता राहिलं. हे बरोबर आहे का?

उत्तर: अजिबात नाही, आणि तुमचा राग रास्त आहे. माझ्याबरोबरही एकदा असंच झालंय, एका माणसाने स्वतःचा मासा वाचवायला माझी लाईन दातांनी तोडली, मी आणि तो परतीचे दहा तास एकमेकांशी बोललो नाही. नियम साधा आहे की गुंता झाला तर दोघांनीही ओढणं थांबवायचं, लाईन ताठ ठेवायची आणि डेकहँडला हाक मारायची. कोणाची कापायची ते तो ठरवतो. बऱ्याचदा तो एकाची लाईन कापतो, गुंत्यातून काढतो आणि तिथल्या तिथे परत बांधतो, मासा तसाच लागलेला राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, अर्ध्या मिनिटाचं काम. बोट वाऱ्याने आडवी वाहत असेल तेव्हा वाऱ्याकडच्या बाजूने मासेमारी करा, लाईन बोटीपासून लांब जाते आणि गुंते निम्म्याने कमी होतात. आणि सगळी बोट एका कोपऱ्यात गर्दी करते तेव्हा पुढे नाकाकडे जाऊन उभे राहा, तिथे बऱ्याचदा कुणीच नसतं.

प्रश्न: काका, मी सातवीत आहे. बाबांबरोबर मी पण जाणार आहे. बोटीवर तीस माणसं असतात आणि सगळे मासे एकाच टाकीत टाकतात, मग आपला मासा कोणता हे कसं कळतं?

उत्तर: एकदम छान प्रश्न! बोटीत चढताना नावाच्या यादीप्रमाणे तुला एक नंबर मिळेल, तो पाठ करून ठेव. मासा वर आला की डेकहँड ओरडून विचारतो, नंबर? तू सांगितलास की तो तुझ्या नंबरची चिठ्ठी माशाच्या कल्ल्याच्या झाकणावर स्टेपल करतो आणि मग मासा टाकीत जातो. बंदरावर परत आल्यावर टाकीतून एकेक मासा बाहेर काढतात आणि नंबर पुकारतात, सगळे ढकलगाड्या घेऊन उभे असतात. तुझा पुकारला की हात वर कर आणि पुढे जा, दोन्ही हातांनी शेपटीच्या अगदी बारीक भागाला धर, तिथे पकड घट्ट बसते, बाकी अंग फार निसरडं असतं.